नंबर बरोबर, चष्मा नवा, तरी स्क्रीनवर वाचताना डोळे दुखतातच? आधी कुठल्या स्क्रीनवर ते बघा

हा त्रास ज्यांना आहे त्यांची कहाणी साधारण एकच असते. डोळे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांकडे गेलो, नंबर थोडा वाढलाय म्हणाले, नवा चष्मा केला, सोबत ड्रॉप दिले, दहा-पंधरा दिवस बरं वाटलं आणि मग ये रे माझ्या मागल्या. त्यानंतर घरचे-दारचे सगळे डॉक्टर होतात. कोणी म्हणतं ब्लू कट लेन्स घे, कोणी म्हणतं डार्क मोड लाव, कोणी म्हणतं मोबाईलच बंद कर (हे सांगणारा स्वतः रात्री दीडला रील बघत असतो), आणि पैसे खर्च होऊनही डोळे आहेत तिथेच.

माझं काम मराठी मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर पीडीएफवर सुटलेले अनुस्वार आणि चुकलेले रफार शोधत बसायचं. घरात पण सगळ्या जातीच्या स्क्रीन आहेत, सासऱ्यांचा टॅब, मुलीचा फोन, नवऱ्याचे ऑफिसचे दोन मॉनिटर, माझा ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं किंडलसारखं यंत्र). या सगळ्यात एक गोष्ट पक्की कळली आहे की "स्क्रीनमुळे डोळे दुखतात" हे निदानच नाही. प्रत्येक प्रकारची स्क्रीन वेगळ्या पद्धतीने त्रास देते, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालेलच असं नाही, कधीकधी तर उलटाच पडतो. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी आठवडाभर फक्त एवढं लिहून ठेवा: कुठल्या स्क्रीनवर, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेळाने, आणि नक्की काय होतं. "डोळे दुखतात" एवढं लिहून उपयोग नाही. खुपतं का, चुरचुरतं का, पाणी येतं का, अक्षर पुसट दिसतं का, भुवईवर ठणकतं का, मळमळतं का, की खरं म्हणजे मान दुखतेय आणि आपण नाव डोळ्यांचं घेतोय.

एक गोष्ट आधीच. अचानक दिसायला कमी झालं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके एकदम वाढले, पडदा आल्यासारखं झालं, किंवा एक डोळा लाल होऊन जबर दुखतोय आणि उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर पुढचं काही वाचू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते स्क्रीनचं दुखणं नव्हे.

खुपतं, चुरचुरतं, पाणी येतं, आणि सगळ्याच स्क्रीनवर होतं

हे सगळ्यात कॉमन, आणि यात स्क्रीन कुठल्या कंपनीची, किती महाग, याचा काही संबंध नाही. हा कोरडेपणा. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, स्क्रीनवर लक्ष लावून वाचताना ते निम्म्याच्या खाली जातं, आणि जी मिटतो ती पण अर्धवट मिटतो, वरची पापणी खालपर्यंत येतच नाही, त्यामुळे डोळ्याच्या खालच्या भागावरचा अश्रूंचा थर वाळतो. लोक म्हणतात अहो पण माझ्या डोळ्यातून तर पाणी येतं, कोरडे कसे? तर ते पाणी कोरडेपणामुळेच येतं. डोळा वाळला, टोचलं, की शरीर घाईघाईने पाणी सोडतं, पण त्या पाण्यात तो तेलकट अंश पुरेसा नसतो म्हणून ते टिकत नाही, गालावर ओघळतं आणि पाच मिनिटांनी परत तेच. तो तेलकट अंश पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतो आणि त्या बुजल्या की कितीही ड्रॉप घाला, तात्पुरतंच.

यात आधी बघायचं ते हवेचं. डोक्यावर पंखा पाचवर, समोरून एसीचा झोत, ऑफिसमध्ये तर सीट बदलून मिळत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं त्या झोताखाली बसतात. निदान झोताची दिशा बदला किंवा त्यावर पुठ्ठा लावून घ्या, चक्क पुठ्ठा, हाऊसकीपिंगवाले लावून देतात. दुसरं म्हणजे स्क्रीनची उंची. मॉनिटर खूप वर असेल तर डोळे टक्क उघडे ठेवून बघावं लागतं आणि डोळ्याचा जास्त भाग हवेला उघडा पडतो. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी म्हणजे नजर आपोआप खाली झुकते. (लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांच्या डोळ्यांना हा फायदा मिळतो, मानेची मात्र वाट लागते.)

पापण्या मिटायची आठवण वगैरे ठेवणं कोणाला जमत नाही, मला तरी नाही. त्यापेक्षा एक ठरवून घ्या, पान उलटलं किंवा स्क्रोल संपला की दोन-तीनदा सावकाश पूर्ण मिटायची, वरची पापणी खालच्याला टेकली पाहिजे. रात्री स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून, पिळून, बंद डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, सोसेल इतपतच गरम, नंतर पापण्यांच्या कडेवरून हलक्या हाताने बोट फिरवायचं. त्या ग्रंथींमधलं घट्ट झालेलं तेल याने मोकळं होतं. एका दिवसात फरक पडत नाही, रोज करत राहावं लागतं.

ड्रॉपबद्दल जरा सविस्तर, कारण इथे आपल्याकडे भयंकर प्रकार चालतात. मेडिकलमध्ये जाऊन "डोळे दुखतात, काहीतरी द्या" म्हटलं की काय हातात पडेल सांगता येत नाही. साधे वंगणाचे ड्रॉप, म्हणजे ज्यावर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज असं लांबलचक नाव असतं ते, बहुतेकांना चालतात. लालपणा घालवणारे ड्रॉप डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, दोन तास डोळा पांढरा आणि नंतर आधीपेक्षा लाल. आणि स्टेरॉइडचे ड्रॉप तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हात लावू नये, जुन्या चिठ्ठीवर परत परत आणून तर अजिबात नको, त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि तो होताना काही कळत नाही, उलट डोळ्याला मस्त आराम वाटत असतो. वंगणाचे ड्रॉप दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते रसायनच सारखं सारखं पडून डोळ्याला टोचायला लागतं.

चाळिशीपुढच्या बायकांना हा त्रास जास्त होतो, पाळी थांबायच्या आसपास तर खूपच, आणि सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. हे डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, पाच मिनिटांच्या तपासणीत ते विचारतीलच असं नाही.

पुसट दिसतं, भुवई ठणकते, मान वर करून वाचावं लागतं

हा नंबरचाच प्रश्न, पण "नंबर बरोबर आहे" आणि "या अंतरासाठी नंबर बरोबर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर नंबर काढतात तो दूरच्या तक्त्यावर, आणि वाचायचा काढतात तो पुस्तकाच्या अंतरावरच्या कार्डावर. आपण मात्र फोन तेहतीस सेंटीमीटरवर धरतो, लॅपटॉप पन्नासवर, मॉनिटर साठ-सत्तरवर. डोळ्याला ३३ सेंटीमीटरसाठी ३ डायऑप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जोर लावावा लागतो आणि ६० सेंटीमीटरसाठी साधारण १.६७ चा. विशीतल्या माणसाला हा फरक जाणवतही नाही कारण त्याच्या डोळ्यातलं भिंग हवं तसं फुगतं, चाळिशीनंतर ते कडक होत जातं, मग प्रत्येक अंतराचा वेगळा हिशोब होतो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला, लावून मॉनिटरवर काम करणाऱ्यांची तर ठरलेली तक्रार, संध्याकाळी मान आणि खांदे गेले. कारण त्या काचेत जवळचा नंबर तळाला असतो, मॉनिटर समोर असतो, मग माणूस नकळत हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघतो, आठ तास. अशांनी दिवसभराच्या कामासाठी फक्त मॉनिटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा, साधा एकाच नंबरचा पण चालतो, तो प्रोग्रेसिव्हपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. त्यासाठी जाताना टेप घेऊन डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून न्या, "असं साधारण एवढं" असं हात करून दाखवू नका.

तरुणांमध्ये दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे छोटासा सिलिंडर (तिरकस नंबर), पाव-अर्ध्याचा, जो "एवढा चालतो" म्हणून सोडून दिलेला असतो, तो वाचताना तास-दोन तासांनी कपाळावर बसतो. दुसरी म्हणजे लपलेला प्लस नंबर. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं पण दिसतं, म्हणून आपल्याला नंबरच नाही असं वाटतं, पण दिसण्यासाठी डोळा सतत जोर लावत असतो. हा नंबर कधीकधी ड्रॉप घालून बाहुली मोठी करून तपासल्यावरच सापडतो. अजून एक सोपी चाचणी घरी करा: ओळी एकमेकीत सरकतायत, डबल दिसतंय असं वाटलं की एक डोळा हाताने झाका. एका डोळ्याने एकदम आरामात वाचता आलं तर दोन डोळ्यांची जुळणी नीट होत नाहीये, ते आत वळायला कंटाळतायत. त्यावर व्यायाम असतात पण ते तपासून, शिकून घेऊन करायचे, व्हिडिओ बघून नाही.

फक्त एकाच फोनवर होतं, बहुतेक रात्री, डोकं जड आणि मळमळ

हे ज्यांना होतं त्यांना घरात कोणी खरं मानत नाही, कारण शेजारी बसलेल्याला त्याच फोनवर काही होत नाही. नवा फोन घेतल्यावर सुरू झालं, जुन्यावर नव्हतं, असं असेल तर शंका घ्या फ्लिकरची, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाच्या लुकलुकण्याची.

एलसीडी स्क्रीनला मागे दिवा असतो, ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. हा उजेड कमी करायचा म्हणजे खरं तर पिक्सेलला कमी करंट द्यायला हवा, पण तसं केलं की कमी उजेडात रंग बिघडतात, म्हणून बहुतेक ओएलईडी फोन वेगळीच युक्ती करतात, पिक्सेल पटापट चालू-बंद करतात आणि बंद राहायचा वेळ वाढवतात, आपल्या नजरेला तो मंद उजेड वाटतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. म्हणजे ब्राइटनेस जितका कमी तितकं हे लुकलुकणं जास्त तीव्र, म्हणूनच रात्री अंधारात डोळ्यांवर दया म्हणून ब्राइटनेस तळाला नेणाऱ्यांना जास्त त्रास होतो. अनेक आयफोन आणि सॅमसंग फोनमध्ये हा वेग २४० किंवा ४८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा. ऑनर, वनप्लस, शाओमी यांच्या बऱ्याच मॉडेलवर १९२०, २१६०, ३८४० असे आकडे जाहिरातीतच असतात. एलईडी दिव्यांसाठी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या २०१५ च्या १७८९ नंबरच्या शिफारशी आहेत त्यात ३००० हर्ट्झच्या वरचं लुकलुकणं काळजीच्या बाहेर धरलंय, तेव्हा आकडा जितका मोठा तितकं बरं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि हा आकडा १२० हर्ट्झ रिफ्रेश रेटशी गल्लत करू नका, दुकानदार हमखास करतो. रिफ्रेश रेट म्हणजे चित्र किती वेळा बदलतं, त्याचा दिव्याच्या लुकलुकण्याशी थेट संबंध नाही.

तपासायचं कसं? दुसरा फोन घ्या ज्याच्या कॅमेऱ्यात प्रो मोड आहे, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा, संशयित फोनवर पांढरं पान उघडून ब्राइटनेस पाव करा आणि कॅमेऱ्यातून बघा. जाड काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर फ्लिकर आहे. एखादीच पुसट रेघ असेल तर ती सोडून द्या. कॅमेरा नसेल तर अंधाऱ्या खोलीत त्या पांढऱ्या पानासमोर पेन्सिल वेगाने इकडून तिकडे हलवा, स्थिर उजेडात ती सलग धुरकट दिसते, लुकलुकत्या उजेडात एकाच्या पाच-सहा सुट्या पेन्सिली दिसतात. खूप वेगवान फ्लिकर यात पकडला जात नाही पण तो सहसा त्रासही देत नाही.

आता उपाय, फुकटातले आधी. फोनचा ब्राइटनेस निम्म्याच्या वर ठेवायचा आणि उजेड दुसऱ्या मार्गाने कमी करायचा. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅक्सेसिबिलिटीत एक्स्ट्रा डिम आहे, आयफोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिड्यूस व्हाइट पॉइंट आहे. हे दोन्ही चित्रच गडद करतात, दिव्याच्या लुकलुकण्याला हात लावत नाहीत, त्यामुळे ब्राइटनेस वर असून खोलीत मंद वाटतं. ऑटो ब्राइटनेस बंद करावा लागेल, नाहीतर तो परत खाली नेतो. काही फोनमध्ये डीसी डिमिंग (चालू-बंद न करता उजेड कमी करणं) किंवा फ्लिकर कमी करायचं बटण असतं, नाव कंपनीगणिक वेगळं, सेटिंगच्या सर्चमध्ये फ्लिकर टाकून बघा. आणि खोलीत एक दिवा लावा, पूर्ण अंधारात वाचायची हौस असेल तर यातलं काहीच पुरत नाही.

हे सगळं करून पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर मग एलसीडी असलेला फोन किंवा टॅब. अँड्रॉइडमध्ये स्वस्त फोनात एलसीडी अजून मिळतो, त्यामुळे गंमत अशी की यांच्यासाठी दहा-बारा हजारांचा फोन सत्तर हजारांच्या फोनपेक्षा सुखाचा ठरतो. मुलीच्या बाबतीत आमच्याकडे अगदी हेच झालं, तिला आता वाचायला वेगळा एलसीडी टॅब दिलाय. ज्यांना फ्लिकर बाधत नाही, आणि बहुतेकांना बाधत नाही, त्यांनी मात्र या भानगडीत पडूच नये, नाहीतर उगाच प्रत्येक फोनसमोर पेन्सिल हलवत बसाल.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. कधीकधी स्क्रीन निर्दोष असते आणि लुकलुकत असतो तो वरचा दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब आणि जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेऱ्याची तीच चाचणी बल्बवर करा. घरी त्रास आणि ऑफिसात त्याच लॅपटॉपवर काही नाही, किंवा उलट, असं असेल तर आधी बल्ब बदलून बघा, शे-दोनशे रुपयांत प्रश्न सुटला तर देव पावला.

मॉनिटर आणि लॅपटॉप

इथे नव्वद टक्के वेळा चूक ब्राइटनेसची आणि अक्षराच्या आकाराची. मॉनिटर दुकानातून येतो तो फुल ब्राइटनेसवर, अडीचशे-तीनशे निट (निट म्हणजे स्क्रीन किती उजळ ते मोजायचं एकक). संध्याकाळी घरातल्या साध्या दिव्याखाली, समजा दीडशे लक्स (खोलीत पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड आहे, पांढरा कागद चाळीसएक निटच्या आसपास असतो. म्हणजे कागदाच्या सहापट उजळ पाटी समोर घेऊन आपण वाचतोय. मॉनिटरच्या शेजारी कोरा कागद धरा आणि पांढरं पान कागदाइतकंच पांढरं दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा, बस. दिवसा खिडकीतून ऊन येतंय तेव्हा हे परत वाढवावं लागेल, कंटाळा करू नका. खिडकी मॉनिटरच्या मागे नको, आपल्या मागेही नको, बाजूला हवी.

१५.६ इंची लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ असेल तर इंचाला शंभरच पिक्सेल मिळतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरला तर ९२, बऱ्याच फोनना चारशेच्या आसपास. त्यामुळे फोनवर कोरीव दिसणारं अक्षर मॉनिटरवर कडांना विस्कटलेलं दिसतं आणि डोळा ते फोकस करायला उगाच धडपडतो. विंडोजवर क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नीट करणारी सोय) परत एकदा चालवा, रिझोल्यूशन स्क्रीनचं मूळचंच ठेवा, अक्षर लहान वाटलं तर स्केलिंग वाढवा, रिझोल्यूशन कमी करू नका. टीव्हीला मॉनिटर म्हणून लावलं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटला पीसी असं नाव किंवा मोड द्या, नाहीतर रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात, शार्पनेस पण खाली आणा. नव्या ओएलईडी मॉनिटरवर सिनेमा सुंदर दिसतो पण पिक्सेलची रचना वेगळी असल्याने अक्षरांना हिरवी-गुलाबी कड येते, दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने दुकानात आधी एखादी वर्डची फाइल उघडून बघावी.

मराठी वाचणाऱ्यांसाठी खास

इंग्रजीसाठी ठरवलेला आकार देवनागरीला पुरत नाही, हे मी रोज बघते. आपल्या अक्षराला वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांची शेपटं, हे सगळं त्याच उंचीत बसवायचं म्हणजे मूळ अक्षर लहानच होतं. इंग्रजी १२ पॉइंटला आरामात वाचणाऱ्याला मराठी १४-१५ ला घ्यावं लागतं, ओळींमधलं अंतर दीडपट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ब्राउझरमध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये देवनागरी लिपीसाठी वेगळा फॉन्ट आणि कमीत कमी आकार ठरवता येतो, फार थोड्यांना माहीत असतं. विंडोजवर वर्षानुवर्षं मंगल हा फॉन्ट होता, सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, जुन्या जाड पिक्सेलच्या स्क्रीनसाठी उत्तम, पण आता नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट लावून बघा, मोकळे वाटतात. फोनवर दोन्ही बाजूंनी समान केलेला मराठी मजकूर टाळा, शब्द लांब असल्याने मध्ये भोकं पडतात आणि नजर अडखळते.

स्कॅन केलेली जुनी पुस्तकं हा तर स्वतंत्र छळ. त्यात अक्षर म्हणजे फोटो असतो, मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. फोन आडवा करा, समास कापून टाकणारं पीडीएफ अ‍ॅप वापरा, आणि खरं सांगायचं तर दहा इंची टॅबशिवाय असलं पुस्तक वाचायला जाऊ नका. सासरे फोनवर दासबोधाची स्कॅन वाचायचे तेव्हा रोज डोकं दुखायचं, टॅबवर गेले, तक्रार बंद.

ई-रीडर घेतला की सुटलो का?

अर्धे. ई-इंकच्या स्क्रीनमध्ये काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेने वर-खाली होतात आणि एकदा जागेवर बसले की तसेच राहतात, स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे खोलीत जेवढा उजेड तेवढंच पान उजळ, ब्राइटनेसचा घोळच नाही. उन्हात गॅलरीत बसून वाचायला याच्यासारखं काही नाही. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात आणि ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) मॉडेलवर जोडाक्षरं छान उठतात.

पण ई-इंकचा पांढरा हा कागदाइतका पांढरा नसतो, करडाच असतो, म्हणून मिणमिणत्या दिव्यात तो फोनपेक्षा जास्त ताण देतो. आतला फ्रंटलाइट लावायला लाजू नका, तो कडेच्या एलईडीतून पानावर पडतो, तुमच्या डोळ्यात सरळ येत नाही. रंगीत ई-इंक घेताना विचार करा, वर रंगाचा थर असल्याने पान अजून काळपट होतं आणि रंगात निम्माच बारकावा मिळतो, नुसती कादंबरी वाचणाऱ्याला काळं-पांढरंच बरं. आणि कोरडेपणा किंवा अंतराचा नंबर हे मूळ दुखणं असेल तर ई-रीडरवर ते जसंच्या तसं राहतं, कारण पापण्या इथेही कमीच मिटल्या जातात आणि अंतर फोनचंच. म्हणूनच म्हटलं आधी लिहून ठेवा. फ्लिकरवाल्याला ई-रीडरने चटकन आराम पडतो, कोरड्या डोळेवाल्याला फारसा नाही.

डार्क मोड, ब्लू कट, वीस-वीस-वीस

डार्क मोडचं वेड कमी करा. काळ्यावर पांढरी अक्षरं वाचताना बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीतून फोकस ढिला पडतो, सिलिंडरचा नंबर असेल तर अक्षरांना पांढरा धूर सुटल्यासारखा दिसतो. सलग वाचनाला बहुतेकांना पांढऱ्यावर काळंच बरं, फार तर किंचित पिवळसर. मोतीबिंदू सुरू असलेल्यांना आणि उजेड सहन न होणाऱ्यांना मात्र डार्क खरंच आराम देतो, माझ्या सासूबाई त्यातल्याच, त्यांचं बंद करायला जाऊ नका.

ब्लू कट लेन्सचे पैसे वाचवा. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सतरा चाचण्या एकत्र तपासल्या, निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनमधून येणारा निळा उजेड हा बाहेरच्या आकाशापुढे किरकोळ आहे. फोनचा नाइट मोड लावला की बरं वाटतं ते बरेचदा स्क्रीन एकूणच मंद झाल्यामुळे, आणि तो फुकट आहे, लावा खुशाल. चष्म्याच्या दुकानात "सोबत लावून देऊ का" विचारतील तेव्हा नको म्हणा, त्या पैशात अँटीग्लेअर कोटिंग चांगलं घ्या.

वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, हा नियम जेफ्री अँशेल या अमेरिकन ऑप्टोमेट्रिस्टने (डोळे तपासून नंबर काढणारा तज्ज्ञ) सुचवला. आता वन बीएचकेत वीस फूट आणायचे कुठून, म्हणून खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे बघा, पाणी भरायला जा, काहीही, मुद्दा एवढाच की जवळचा फोकस सुटला पाहिजे. विश्रांती म्हणून लॅपटॉपवरून मान वळवून फोन बघितला तर अंतर उलट कमी होतं.

डॉक्टरांकडे परत जायचं तेव्हा

तो आठवड्याचा कागद न्या, त्यावर प्रत्येक स्क्रीनचं टेपने मोजलेलं अंतर लिहा, घालता ते सगळे ड्रॉप आणि चालू गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि नुसता नंबर नको, तीन गोष्टी स्पष्ट विचारा: अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते बघाल का (दहा सेकंदांच्या आत फुटत असेल तर कमी धरतात), माझ्या मॉनिटरच्या अंतरावर नंबर तपासाल का, आणि दोन डोळ्यांची जुळणी बघाल का. गर्दीच्या ओपीडीत हे सगळं होणार नाही, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की कॉम्प्युटरच्या त्रासासाठी यायचंय, वेळ जास्त लागेल, आणि बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालतील या हिशोबाने जा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.